तिच्या जागी बसणाऱ्या बायका

सिंदीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत, दारातून आत शिरलं की समोरच एका मुलीचा मोठा फोटो आहे. चंदनाचा हार, खाली लाल दिवा, काचेवर आईनं लावलेलं कुंकू. मुलगी गोरी आहे. आमच्या भागात ज्याला गोरं म्हणतात तशी नव्हे, गुलाबी; जन्मात कधी उन्हात गेलीच नाही अशी. हनुवटी निमुळती, मान बारीक, चेहऱ्यावर एक डाग नाही की तीळ नाही. पाहुणे येतात, हात जोडतात, हळहळतात, किती देखणी होती हो म्हणतात. मी हो म्हणते आणि पाणी आणायला आत जाते. मला त्या मुलीची भीती वाटते.

ती माझी मोठी बहीण आहे असं सगळे समजतात. फोटो बहिणीचाच काढलेला आहे, त्यात वाद नाही. पण ही मुलगी म्हणजे माझी बहीण नव्हे. माझी बहीण काळी होती. हाडापेरानं मोठी, खांदे रुंद, तुरीचं पोतं एकटीनं ओसरीवरून आत घेणारी. हनुवटीच्या डाव्या बाजूला मसुराएवढा तीळ होता आणि त्यावर एक केस यायचा, तो ती चिमट्यानं उपटायची आणि तो हट्टानं पुन्हा यायचा. हसताना तोंडावर हात ठेवायची. हे सगळं मला शब्दांत माहीत आहे. डोळे मिटले की मात्र ती दिसत नाही, ही गुलाबी मुलगी दिसते. स्वप्नातही हीच येते, माझ्या बहिणीची हिरवी साडी नेसून, आणि काही न बोलता उभी राहते. वयाबरोबर ही भीती जायला हवी होती. ती वाढत चालली आहे.

त्यातून मी चित्रकलेची बाई. वर्ध्याच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवते, बोरगाव मेघेला राहते. शिकवते म्हणजे काय, परीक्षा जवळ आली की माझा तास गणितवाले घेऊन जातात आणि उरलेल्या दिवसांत मी पोरांकडून झोपडी, डोंगर आणि दोन नारळाची झाडं यापलीकडचं काही काढून घ्यायचा प्रयत्न करते. वर्ध्यात नारळ कुठून आले, असं विचारलं की पोरं माझ्याकडे दयेनं बघतात. माणूस काढायला दिला की सगळे रंगाच्या डब्यात एकच खडू शोधतात. त्याला ती 'स्किन कलर' म्हणतात. फिकट गुलाबी खडू. वर्गात त्या रंगाचं एकही पोर नसतं. मी म्हणते, आपला हात कागदाशेजारी धरा आणि बघा. ती धरतात, बघतात, आणि मग गुलाबी खडूच उचलतात. माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण रागावू कोणावर? त्यांच्या बाईच्या घरी भिंतीवर तोच खडू फिरवलेला आहे.

तो फोटो काढला तेव्हा मी सहावीत होते. बहिणीसाठी स्थळं पाहणं सुरू झालं होतं. पुलगावला माझा मामा डेपोत नोकरीला होता, त्यानं आईला सांगितलं की तिथं एक स्टुडिओवाला आहे, त्याच्याकडे पोरींचे फोटो फार छान निघतात, लग्नं लवकर जमतात. तर आम्ही तिघी पॅसेंजरनं पुलगावला गेलो. बहीण मामीची हिरवी साडी नेसली. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा होता, त्यावर तळं आणि कमळं. फोटोवाल्यानं तिला स्टुलावर तिरपी बसवली, मान वळवली, हनुवटी खाली घेतली, खांदे आत ओढून घ्यायला सांगितले. ती खांदे ओढून बसली. श्वाससुद्धा धरून बसली होती, मला समजत होतं.

मग त्यानं आम्हाला कॉम्प्युटरसमोर बोलावलं. आम्ही तो पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. पडद्यावर माझी बहीण होती, अगदी ती, जरा घाबरलेली. त्यानं माऊस तिच्या गालावरून फिरवला आणि गाल उजळला. कपाळ उजळलं. आई पुढे झुकली. तो फिरवत गेला आणि माझी बहीण हळूहळू पुसली जात गेली, मला त्या वयात ती जादू वाटली आणि मी टाळी वाजवली. तीळ ठेवायचा का, त्यानं विचारलं. आई म्हणाली, काढा. मान जाड दिसते, थोडी आत घेऊ का? घ्या. बहिणीचे डोळे पडद्यावर खिळले होते आणि तोंडावर हात होता. काम झाल्यासारखं वाटून तो मागे टेकला, तेव्हा ती एवढंच बोलली.

"अजून थोडी गोरी करा ना, भाऊ."

त्यानं केली. आम्ही खूश होऊन परत आलो. गाडीत आईनं पाकीट मांडीवर ठेवलं होतं आणि दर स्टेशनाला ते उघडून ती पाहत होती. बहीण खिडकीशी बसली होती. तिनं एकदाही मागितलं नाही.

फोटोनं काम केलं. स्थळं येऊ लागली. आधी फोटो जायचा, मग माणसं यायची. पोहे खायची, शेतीचं विचारायची, बहीण ट्रे घेऊन आली की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटायचं, आणि कळवतो म्हणून जायची. कोणी कळवलं नाही. एकदा हिंगणघाटकडचे लोक आले. मुलाची आत्या बरीच बोलकी होती. बहिणीनं पोहे दिले, पाणी दिलं, आणि बाजूला उभी राहिली. आत्याबाईंनी पोहे संपवले, दारातून आत डोकावून पाहिलं आणि आईला विचारलं, फोटोतली मुलगी कुठं आहे? तिलाही बोलवा की. अपमान करायचा म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच वाटलं होतं की ही घरातली दुसरी कोणी. वडील जमिनीकडे पाहू लागले. तेव्हा बहीणच बोलली.

"थे नाई आली," ती म्हणाली, आणि रिकाम्या बशा उचलून आत गेली.

पुढे घरात ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जायची. ती स्वतःच सांगायची, आत्याबाईंची नक्कल करून, तोंडावर हात ठेवून हसत. पण तेव्हापासून तिचं जेवण बदललं. चारचौघांत ती जेवेनाशी झाली. लग्नाच्या पंगतीत वाढायला सगळ्यांत पुढे, बसायला कधीच नाही. घरी आम्ही जेवून उठलो की ती चुलीकडे तोंड करून काहीतरी खायची, भाकरीचा तुकडा, तिखट. मेडिकलमधून कुठलीशी ट्यूब आणून लावायला लागली. चेहरा काही दिवस तकतकला आणि मग गालांची सालं निघाली, लाल चट्टे उठले, उन्हात गेली की आग व्हायची. आई ओरडली तेव्हा तिनं ट्यूब टाकून दिली. आरशाच्या चौकटीत त्या फोटोची लहान प्रत खोचलेली होती. वेणी घालताना ती आरशात बघायचीच नाही, फोटोत बघायची. एकदा मी तिच्या मागे उभी असताना ती त्या फोटोकडे पाहत सहज बोलावं तसं म्हणाली होती की हे घरात आली तेव्हापासून मीच पाव्हणी झाली.

तिचं लग्न अखेर झालं ते फोटोशिवायच. मुलगा गावातल्याच एका लग्नात तिला वाढताना पाहून गेला होता. साधा माणूस होता. लग्नात पार्लरवालीनं तिचा चेहरा इतका पांढरा केला की हात दुसऱ्याचे वाटत होते. आणि लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तापाचं निमित्त झालं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेली, घरी आणली ती गुंडाळूनच. तोंड पाहिलं का मी? पाहिलं. पण मला ते आठवत नाही. आठवायला जावं तर तिथंही ती गुलाबी मुलगी झोपलेली असते.

तेरवीला फोटो लागतो. घरात शोधाशोध झाली तेव्हा समजलं की बहिणीचा फोटोच नाही. ती कॅमेऱ्यासमोरून पळायची, खांबामागे जायची, कुणाच्या तरी पाठीमागे वाकायची. शाळेचा एक गटाचा फोटो सापडला, त्यात तिच्या चेहऱ्याच्या जागी पांढरं भोक होतं. तिनं कधीतरी कंपासच्या टोकानं स्वतःला खरवडून काढलं होतं. बाकी सगळ्या मुली जागच्या जागी, हसत. लग्नाचा अल्बम सासरी होता आणि त्यात तो पांढरा मुखवटा. राहिला पुलगावचा फोटो. तोच मोठा करून आणला, आणि ती मुलगी आमच्या भिंतीवर कायमची राहायला आली.

तिला काढायचा मी किती प्रयत्न केला असेल. नाक, तीळ, खांदे, सगळं माहीत असून कागदावर जमत नसे. भिंतीवरचा फोटो मनातून काढावा म्हणून रंगच काळा घेऊन सुरुवात केली, तर कागदावर तीच आली, काजळ फासलेली. ते चित्र मी फाडलं आणि तुकडे चुलीत घातले, कारण ते माझ्याकडे पाहून हसत होतं असं मला वाटलं. हे असं लिहिताना मला हसू येतं, पण त्या दिवशी आलं नव्हतं. वडील गेले. त्यांच्याबरोबर तिचा एक चेहरा गेला असणार. आता उरली आई. आईचे डोळे अधू होत चालले आहेत, ती माणसांची अदलाबदल करू लागली आहे. एक दिवस आईही जाईल, आणि मग या जगात माझ्या बहिणीचा खरा चेहरा ठाऊक असलेलं कोणीच उरणार नाही. भिंतीवरची तेवढी राहील.

मी आईला विचारून पाहिलं होतं. तिच्यासमोर कागद घेऊन बसले, डोळे कसे होते, जवळ की दूर? आई म्हणायची, डोळ्यासारखे डोळे. तुही बहीण होती, तुले नाई मालूम? आणि उठून जायची. मला वाटायचं, तिला तो फोटोच आवडतो. तीळ काढा असं म्हणणारी तीच होती. रागानं मी काही वर्षं तिच्याशी याबद्दल बोललेच नाही.

आता नवमीचं सांगायला हवं. पितृपक्षातली नवमी ही नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांची. त्या दिवशी एका सवाष्णीला बोलावून गेलेलीच्या जागी पाटावर बसवतात, जेवू घालतात, ओटी भरतात. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. खरं तर हे सासरी करायचं. जावयानं दुसरं लग्न केलं, त्याच्या घरी दोन-एक वर्षं झालं आणि मग थांबलं. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. आईनं आमच्या घरी सुरू केलं. भाऊबंदांनी सांगितलं, माहेरी असं करत नसतात. आई म्हणाली, पोरीले जेवू घालाले कोणाले विचारू?

या कामाला नात्यातली, आळीतली सवाष्ण बोलावण्याची रीत. आई ते करत नसे. दरवर्षी नवी बाई, आणि कुठली कोण. एका वर्षी जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडणारी, एका वर्षी रेल्वेच्या रुळांवर काम करणारी, एकदा जंगलाकडून मोहाच्या टोपल्या विकायला येणारी गोंड बाई. जातपात काही पाहत नाही म्हणून मागे कुजबुज व्हायची. आईनं ती कानाआड केली. पितृपक्ष लागायच्या आधी काही आठवडे ती बाजाराला जाऊ लागायची. भाजी घ्यायची नाही, नुसती दुकानांमधून फिरायची, एखाद्या बाईसमोर बराच वेळ उभी राहायची. लोकांना वाटायचं, भाव करून राहिली आहे. मग ती त्या बाईला विचारायची, माह्या पोरीच्या जागी जेवाले येशील का? मेलेलीच्या जागी बसायला कोण सहज तयार होणार, पण आई विचारायची तसं विचारलं की बहुतेक जणी हो म्हणायच्या.

मला हे लक्षात यायला बरीच वर्षं लागली. मी दर नवमीला वर्ध्याहून यायचे, वडे तळायचे, कढी घुसळायचे आणि ओढून-ताणून गोड बोलायचे. एका वर्षी मी भोपळ्याची भाजी वाढायला वाकले आणि पाटावर बसलेल्या बाईचे खांदे पाहिले. रुंद, थोडे पुढे आलेले. माझ्या हातातला चमचा थांबला. ते खांदे मला ओळखीचे होते. मग मागच्या बायका आठवायला लागल्या. एकीचा रंग. एकीचं मान न वळवता बाजूला पाहणं. गोंड बाईचा भारदस्त, पायावर जोर देत चालण्याचा ढंग. दर वर्षी आईनं बाजारातून तिचा थोडा थोडा भाग घरी आणला होता. माझ्या मनात विचार आला की आईला फोटो आवडत नाही. तिला सगळं आठवतं, आणि ती मला सांगत नाही.

ती बाई गेल्यावर मी आईला धरलंच. म्हटलं, तुला तिचा चेहरा पक्का आठवतो, मग मला काढू का देत नाहीस? आई भांडी आवरत होती. तिनं हातातलं ताट पालथं ठेवलं.

"तुले चेहरा पायजे," ती म्हणाली. "मले चेहऱ्याचं काई नाई. मले थे पोटभर जेवताना पाह्याची हाय."

मग मला दिसलं की खांदे आणि रंग हे निमित्त होतं. आई निवडायची ती दणकून जेवणाऱ्या बायका. बाजारात ती त्यांना शिदोरी खाताना पाहायची, आणि चारचौघांत न लाजता जेवणारी दिसली की तिच्यासमोर उभी राहायची. नवमीला पाटासमोर बसून पदरानं वारा घालायची आणि म्हणायची, घे माय, अजून एक घे. बाई हात धुईपर्यंत तिला तिच्या नावानं कोणी हाक मारायची नाही, असा आईचा नियम. तोवर ती माय. बाजूच्या खुर्चीत भिंतीवरून उतरवलेला, हार घातलेला फोटो ठेवलेला असायचा आणि ती गुलाबी मुलगी हे सगळं पाहत असायची. तिला कुणी वाढत नसे.

गेल्या वर्षी आईनं बाजारातून भाजीवाली बोलावली होती. मी आत वडे थापत होते. अंगणात पायांवर पाणी घालण्याचा आवाज आला, आणि आई म्हणाली, "आली." तसं ती कधीच म्हणत नसे. मी हात पुसत बाहेर आले आणि दारातच उभी राहिले. बाई पाय पुसत होती. वर पाहून ती हसली आणि तिचा हात तोंडावर गेला. तीळ नव्हता, नाक जरा बसकं होतं, वयही जास्त. पण डोळे. जवळ जवळ, पापण्या जड, आणि डाव्या भुवईचा शेवट थोडा खाली आलेला. डाव्या भुवईचा शेवट खाली आलेला होता, हे मी विसरले होते. विसरले होते हेही विसरले होते.

ती जेवली. पोटभर जेवली, वड्यावर वडा, खीर दोनदा मागून घेतली, कढीचा भुरका मारला. आई वारा घालत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ती ते पुसतही नव्हती. हात धुऊन झाल्यावर मी भीत भीत विचारलं, तुमचं चित्र काढू का? माझं? बाई लाजली, पण खूश झाली. चित्र तिलाच देईन, असं मी सांगितलं. ती ओसरीवर बसली. मी कोळशाची कांडी आणि कागद घेतला.

अशी वेळ चित्र काढणाऱ्याच्या नशिबी क्वचित येते. मी बाईचं नाक काढत नव्हते असं नाही, बाईचंच काढत होते, पण कागदावर येत होत्या त्या दोघी मिळून. मोठा जबडा, जाड मान, रुंद खांदे मी ओढून आत घेतले नाहीत. कोळसा गालावर दाबून भरला. कागदाचा पांढरा फक्त डोळ्यांत आणि खालच्या ओठावर ठेवला. भुवई उतरली आणि माझी बहीण कागदातून माझ्याकडे पाहायला लागली. मला भीती वाटली नाही. कितीतरी वर्षांनी मला तिची भीती वाटली नाही. माझ्या मागे आई येऊन उभी होती. ती अधू डोळ्यांनी कागदाजवळ वाकली, तिचा श्वास माझ्या कानाशी लागला.

"आली," आई म्हणाली.

मी कागद बाईच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, दूर केला, जवळ आणला. बराच वेळ पाहिलं. मग तिचा हात तोंडावर गेला, आणि ती अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेतानं बोलली.

"छान हाय. गालावरून रबर फिरवा ना, मॅडम. थोडी गोरी करा ना."

मी आईकडे पाहिलं. तिनंही तेच ऐकलं होतं. पुलगावचा तो स्टुडिओ, माऊस धरलेला हात, तोंडावर हात ठेवून बसलेली हिरव्या साडीतली पोरगी. इतकी वर्षं आम्ही दोघी दोन वाटांनी तिला शोधत होतो. आज ती खरोखर आली, पोटभर जेवली, आणि आल्यावर तिनं तेच मागितलं. माझ्या हाताशी खोडरबर होतं. चित्र तिचं होतं, चेहरा तिचा होता, तिला नाही म्हणणारी मी कोण? मी रबर उचललं. खोटं सांगत नाही, मी ते उचललं होतं.

आईनं माझा हात धरला. मग ती बाईसमोर खाली बसली, गुडघे दुखतात तरी बसली, आणि तिची हनुवटी हातात घेतली, लहान पोरीची घ्यावी तशी. तिच्या आवाजात राग नव्हता.

"नाई माय," ती म्हणाली. "घरी नेशीन तवा तुह्या माणसायनं तुले ओयखलं पायजे."

बाईला ते किती पटलं, देव जाणे. तिनं मान हलवली. ओटीतली साडी, नारळ आणि तांदळाची पुरचुंडी पिशवीत भरली, चित्राची गुंडाळी वर ठेवली. तिनं घरी गेल्यावर काय केलं मला माहीत नाही. कदाचित गालांना खडूची भुकटी लावली असेल, कदाचित कपाटामागे टाकलं असेल. फाटकाशी आई तिला म्हणाली, पुढच्या साली पण येजो. आईनं दुसऱ्यांदा बोलावलेली ती पहिलीच बाई. ती हसली आणि हात तोंडाकडे जाता जाता पिशवी सावरायला खाली आला.

मी दुसरं चित्र काढलं नाही. त्या संध्याकाळी डोळे मिटले तेव्हा भुवई होती, ती आहे अजून, आणि तिच्यामागे कधी बहीण असते, कधी ती भाजीवाली. गुलाबी मुलगी गेलेली नाही. ती भिंतीवर आहे आणि पाहुणे अजूनही तिला देखणी म्हणतात.

पण त्या दिवशी आई फाटकातून आत आली. नवमीला ती सगळ्यांत शेवटी जेवते, फोटो खुर्चीतच असतो आणि ती त्याच्याकडे तोंड करून दोन घास कसेबसे खाते. मी तिचं पान वाढलं. तिनं पाट उचलला, फिरवून ठेवला आणि फोटोकडे पाठ करून बसली. मग तिनं वडा मागितला, वर कढी मागितली, आणि माझ्यासमोर पोटभर जेवली.